कस

पंधराव्या घरापाशी चित्र फाटलं.
तोवर सगळं नितळ होतं: काठावरचं नक्षीकाम,
त्या नक्षीच्या पोटात आणखी नक्षी,
शेपटीच्या टोकाला तेच मूळ बाळ पुन्हा.
मग एकदम चौकोन.
विट्याच्या स्टँडवरल्या उखडलेल्या फरशीसारखे
ढोबळ, ठिगळठिगळ चौकोन.

यंत्राच्या ओंजळीत एवढेच आकडे मावतात.
पुढचे ते सांडतं, आणि सांडलं म्हणून सांगत नाही.

म्हणून लायब्ररी शोधायची ही दुसरी रात्र.
पहिली जुनी, मुरलेली, गुणाकाराला वाघीण,
पण माझ्या विंडोजवर बांधायची
म्हणजे सोयरिकीला लागतात तितके मध्यस्थ.
दुसरी फार नेमकी. शेवटचं घर कुठल्या बाजूला वळवलं
याचा चोख हिशेब देते,
आणि हिशेबाचा वेळ माझ्याकडून कापून घेते.
तिसरी एका फाईलची, जोडली की चालते,
पन्नास घरांपर्यंत हरीण, तीनशेला धाप.
चौथी मीच लिहिली, मागच्या दिवाळीत.
तिच्याबद्दल नंतर.

तबस्सुम शिकलगार सांगलीहून फोनवर:
"कोटी घरांचे विक्रम कशाला वाचत बसतेस?
तुला हवीत तीनशे. तीनशेलाच मोज."

मोजलं. दहा लाख गुणाकार, पुन्हा दहा लाख,
खिडकी सताड उघडी, कारण तापलं की यंत्र मंदावतं
आणि बोल लागतो निष्पाप लायब्ररीला.
वाघीण जिंकली.
तरी एका चित्राला अकरा तास.

आप्पा पाणी प्यायला उठले.
सेलमला एकतीस वर्षं गलाईच्या भट्टीपुढं काढलेली,
बोटांचे ठसे तेजाबानं खाल्लेले,
रेशन दुकानातलं मशीन त्यांना ओळखत नाही.
"काय वितळवाय लागलीयास एवढ्या रातीचं?"

सांगितलं. वीस लाख ठिपके,
एकेकाचा तीनशे घरांचा आकडा
हजारो वेळा स्वतःशीच गुणायचा.
"एकेकाचा?"
"एकेकाचा."

"येडी हाईस.
गिऱ्हाईक पन्नास बांगड्या घेऊन आलं
तर पन्नासबी भट्टीत घालत न्हाईत.
येक तुकडा नीट जाळायचा, पार शेवटच्या नंबरापतोर.
बाकीच्यांची रेघ दगडावर त्याच्या रेघंशेजारी वडायची
आन् फरक बघायचा.
फरक बारका असतो.
बारक्याला थोरला काटा लागत न्हाई."
तांब्या पालथा घालून ते झोपायला गेले.

फरक.
फरकाला पंधरा घरं पुरतात!
कितीही बारीक असू दे,
त्याची घरं त्याच्या स्वतःच्या दारापासून मोजायची,
पुढं चाललेली शून्यांची वरात
मोजायचीच नाही.

चित्राच्या मध्यावरचा एकच ठिपका भट्टीत घातला,
तीनशे घरांनिशी, सगळा प्रवास लिहून घेत.
उरलेले त्याच्या रेघेशेजारी.
चहा उकळेपर्यंत चित्र झालं.

आणि आता पहिली काय, तिसरी काय,
एका ठिपक्याला दोघी पापणी लवायच्या आत उरकतात.
जिच्यासाठी दोन रात्री जागले ती शर्यतच
राईएवढी झाली. तिसरी घेतली.
जोडली की चालते, एवढ्याच गुणावर.

सकाळी आप्पांना दाखवलं.
डोळ्यांजवळ लॅपटॉप धरून, उजेडाकडं तिरका करून,
दागिना बघावा तसं बघितलं.
"हितं काय झालंय?"
वरच्या कोपऱ्यात एक सपाट, मुका तुकडा,
नक्षी नसलेला. मला दिसलाच नव्हता.
"तिथं फरक बारका राहिला नाही, आप्पा."
"मग तिथं डाग हाय. डागाच्या बांगडीला
येगळा तुकडा जाळावा लागतो."
जाळला. नक्षी उमटली.

राहिली चौथी.
ती सत्तराव्या घराच्या आसपास
कधीतरी एक हातचा विसरते.
नेहमी नाही. म्हणूनच सापडत नाही.
पुसलेली नाही मी तिला.
झोप येत नाही तेव्हा उघडते,
आणि तो एक हातचा शोधत
घरामागून घर उतरत जाते.